कानीची तीन वेतं

"ही आई व्हायच्या लायकीची नाही, काढून टाक," असं काका म्हणाले तेव्हा मला ते पटलं होतं. २०२२ चा फेब्रुवारी होता. कानी, आमची डुकरीण, पहिल्यांदा व्याली होती. ११ पिल्लं झाली, त्यातली दोन मेलेलीच आली आणि चौथ्या दिवशी मोजली तर पाच उरली होती. तीन अंगाखाली चेंगरली आणि एक तिने माझ्या डोळ्यांदेखत तोंडात धरून आपटलं. गिऱ्हाईक तयार होतं, वजनावर भावही ठरला होता. त्या आठवड्यात त्यांची गाडी आली नाही, म्हणून कानी राहिली. नाहीतर चूक तिची नव्हती, मी तिला दिलेल्या घराची होती, हे मला कधी कळलंच नसतं.

आमचं गाव मनोरी. पत्त्यात मुंबई आहे, पण मालाडहून मार्वेच्या जेटीवर यायचं आणि फेरीने खाडी ओलांडायची, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती. आजीच्या काळात घरटी एकदोन डुकरं असायची, लग्नाला आणि नाताळला त्यांच्याच मटणाचं मसालेदार सोरपोटेल व्हायचं. पप्पांनी हे पोटापाण्यासाठी केलं. घरामागच्या वाडीत सहा डुकरिणी आणि एक नर, लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीच्या. मुंबईत महापालिकेच्या परवानगीशिवाय डुकरं ठेवता येत नाहीत, तो कागद त्यांनी देवाच्या फोटोमागे जपून ठेवलेला. २०२१ मध्ये त्यांचे गुडघे गेले आणि मी मालाडची नोकरी सोडून वाडी हातात घेतली.

मला हिशेब येत होता, डुकरं येत नव्हती. म्हणून एका सल्लागाराला बोलावलं. त्याने वाडी पाहिली आणि सांगितलं की डुकरीण धपकन पडते, पिल्लं चेंगरतात, तुमचं नुकसान तिथेच होतंय. लोखंडी पाइपचा पिंजरा घ्या, सात फूट लांब, दोन फूट रुंद. तिला वळता येत नाही, हळू बसावं लागतं, पिल्लं बाजूच्या फटीत सुरक्षित राहतात. एका खोलीच्या जागेत तीन पिंजरे बसतात, वर जागा वाचते. गाभण डुकरिणीही त्यातच ठेवा, मारामाऱ्या होणार नाहीत आणि प्रत्येकीला मापून खायला घालता येईल. यातलं काहीच खोटं नव्हतं, हे आजही सांगते. एका माणसाला शंभर डुकरिणी सांभाळायच्या असतील तर तो पिंजरा का घेतो हे मला कळतं. पण माझ्याकडे सहाच होत्या.

कानीला १२ ऑक्टोबरला नर दाखवला होता. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते, म्हणजे ११४ दिवस. ३ फेब्रुवारी हा दिवस मी कॅलेंडरवर गोल करून ठेवला होता. नोव्हेंबरपासून ती पिंजऱ्यात होती. उठायचं, खायचं, तिथेच बसायचं. जानेवारीत तिच्या खांद्यावर पाइप घासून घासून जखम झाली आणि शेण शेळीच्या लेंड्यांसारखं कडक पडायला लागलं. मी कोंड्यात गूळ कालवून दिला, आणखी काय करायचं ते माहीत नव्हतं.

२ तारखेची संध्याकाळ मी विसरणार नाही. कानी अचानक उभी राहिली आणि पुढच्या पायाने सिमेंट खरवडायला लागली. उजवा पाय, मग डावा, मग नाक जमिनीला लावून पुढे ढकलायचं, जणू समोर काही आहे. समोर काहीच नव्हतं. मग पाइप चावायचा, खाली बसायचं, परत उठायचं. रात्री अकरापर्यंत तेच. खुराच्या कडेला रक्त आलं. मला वाटलं, हिच्या पोटात दुखतंय. पहिलं पिल्लू साडेअकराला आलं, शेवटचं सकाळी सात वाजता. मध्ये दीड-दीड तास काही नाही. औषधं देणाऱ्या एकाला फोन केला, त्याने येऊन कळा यायचं इंजेक्शन टोचलं. मेलेली दोन पिल्लं त्यानंतर आली. ज्या पिल्लाला तिने आपटलं ते तिच्या नाकाशी धडपडत गेलं होतं. ती दचकली. मागे सरकायला जागा नव्हती, वळून बघायला जागा नव्हती, आणि हे हलणारं, किंचाळणारं काय आहे हे तिला वास घेऊन समजायच्या आत ते तिच्या तोंडाशी होतं.

पहिलारू होती, तेही कारण होतंच. पहिल्या वेताला अशा गोष्टी जास्त होतात. पण त्याच महिन्यात आमची सगळ्यात जुनी डुकरीण, थोरली, व्याली, तिचं पाचवं वेत. पप्पांच्या वहीत तिचे आकडे आहेत: ११ मधली नऊ जगली, १२ मधली दहा. त्या वेळी ती मोकळ्या खोलीत भाताच्या पेंढ्यात व्यायची. पिंजऱ्यात तिची १२ मधली सात राहिली. पप्पा काही बोलले नाहीत. वही माझ्यासमोर उघडी ठेवून ते आत गेले.

मी ती वही घेऊन परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. प्रभादेवीला उतरून चालत. तिथे एका डॉक्टर मॅडमनी मला तासभर दिला. सिमेंट खरवडण्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अगं, ती घर बांधत होती," त्या म्हणाल्या.

विण्याच्या आधी साधारण एक दिवस डुकरिणीच्या अंगात बदल होतात आणि तिला खड्डा उकरून गवत गोळा करायची ओढ लागते. ते ती शिकत नाही, ते आतून येतं. एडिंबरातल्या संशोधकांनी पाळीव डुकरिणी मोकळ्या रानात सोडून पाहिल्या होत्या. पिढ्यानपिढ्या गोठ्यात वाढलेल्या जातीच्या असूनही त्या कळपापासून दूर गेल्या, आडोसा शोधला, उकरलं, तोंडाने गवत आणि फांद्या आणून घरटं केलं. सिमेंटवर ठेवली तरी ती तेच करते, फक्त हाती काही लागत नाही. त्या तगमगीत अंगात ताण वाढतो, आणि ताण वाढला की कळा आणणारं, पान्हा सोडणारं संप्रेरक कमी पडतं. वीण लांबते. वीण लांबली की मागच्या पिल्लांना पोटातच प्राणवायू कमी पडतो, ती मेलेली येतात किंवा इतकी मलूल की सडापर्यंत पोचत नाहीत. फिनलंडमधल्या एका अभ्यासात पिंजऱ्यातल्या डुकरिणींना मोकळ्या खोलीतल्यांपेक्षा सरासरी जवळजवळ दीड तास जास्त लागला होता. त्यात बद्धकोष्ठ. महिनोन्‌महिने न चाललेलं जनावर जोर कुठून लावणार?

मॅडमनी हेही सांगितलं की स्वीडनने विण्याचे पिंजरे १९८८ सालीच बंद केले, आणि युरोपीय संघात २०१३ पासून गाभण डुकरिणीला पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा शेवटचा आठवडा सोडला तर अरुंद खणात कोंडता येत नाही. परत येताना फेरीवर मला रडू आलं. कानीने रात्रभर माझ्याकडे मूठभर पेंढा मागितला होता आणि मी तिला गूळ देत होते.

मग मी एक चूक केली, आणि ती लिहायलाच हवी, कारण हे वाचून कोणी उद्याच पिंजरा फेकून देईल.

कानीची पिल्लं मार्चअखेरीस आईच्या दुधापासून तोडली. आठवड्याच्या आत ती माजावर आली, ३० मार्चला नर दाखवला, म्हणजे विण्याची तारीख २२ जुलै. मी पिंजरा काढून टाकला आणि तिला दहा बाय नऊच्या खोलीत मोकळी सोडली, भरपूर पेंढा घालून. तिने सुंदर घरटं केलं. वीण साडेतीन तासांत आटोपली, ११ च्या ११ जिवंत. मी आनंदाने पप्पांना उठवलं. आणि तीन दिवसांत त्यातली पाच चेंगरून गेली.

याची कारणं मला नंतर उमगली. बाहेर मनोरीचा पाऊस, चार दिवस ऊन नाही. पेंढा दमट झाला, खालून बुरशी धरली, पिल्लांना ऊब राहिली नाही. पिल्लू जन्मतं तेव्हा सव्वा-दीड किलोचं असतं, अंगावर चरबी जवळजवळ नसते, त्याला ३२ ते ३४ अंश ऊब लागते. आईला मात्र १८ ते २२ अंशांत बरं वाटतं. एकाच खोलीत दोघांना दोन ऋतू हवे असतात. पिल्लांसाठी वेगळा उबदार कोपरा केला नाही तर ती आईच्या पोटाला चिकटूनच झोपतात, आणि दोनशे किलोचं जनावर भिंतीला टेकून खाली सरकलं की मधल्या पिल्लाला निसटायला वाट नसते. मी तिला मोकळी जागा दिली होती, पिल्लांना पळायला जागा दिली नव्हती. काका म्हणाले, "बघ, पिंजराच बरा होता." त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर वेल्डरकडे सापडलं. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने पिंजरे आठ महिन्यांतच गंजायला लागले होते. तेच पाइप कापून, घासून, रंगवून मी खोलीच्या तीन भिंतींना आडवे बसवून घेतले, जमिनीपासून नऊ इंच वर आणि भिंतीपासून नऊ इंच पुढे. डुकरीण भिंतीला टेकली की तिची पाठ पाइपला अडते आणि खाली पिल्लाला सरकायला बोळ राहतो. कोपऱ्यात लाकडी फळ्यांचं तीन फुटी खोकं, वर झाकण, आत शंभरचा बल्ब, खाली लाकडाचा भुसा. तोंड इतकं लहान की आईचं फक्त नाक आत जाईल. पावसाळ्यासाठी पेंढ्याच्या जोडीला गोणपाट. धान्याच्या दुकानातून रिकामी पोती आणायची, धुऊन वाळवायची आणि पाइपला लोंबती बांधायची. डुकरीण ती ओढते, फाडते, पायाखाली घेते. पेंढ्याइतकी मजा नाही, पण तिच्या तोंडाला काम मिळतं आणि बुरशीची भीती नाही.

पंख्याचं मात्र मला कुणी सांगेपर्यंत सुचलं नसतं. डुकराला घाम जवळजवळ येत नाही. मुंबईच्या दमट उकाड्यात दूध पाजणारी डुकरीण खाणं सोडते आणि दूध आटतं. म्हणून मी लग्नाच्या हॉलमध्ये असतो तसला मोठा पंखा खोलीत लावला होता. मॅडम सप्टेंबरमध्ये वाडीवर आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी तो पंखा बंद कर आणि ऐक."

मी ऐकलं. थोरली कुशीवर पडली होती. ती हळू घुरघुरायला लागली, थांबून थांबून. पिल्लं धावत आली, आपापला सड धरला. प्रत्येकाचा सड ठरलेला असतो, दोन-तीन दिवसांत भांडून ठरतो, पुढच्या सडांना दूध जास्त म्हणून दांडगी पिल्लं पुढे. ती कास नाकाने रगडायला लागली. घुरघुर वाढत गेली, लागोपाठ, भराभर, आणि एका क्षणी सगळी पिल्लं एकदम गप्प झाली, कान मागे, गळे हलत. पान्हा सुटला होता. मॅडमनी घड्याळ दाखवलं. वीस सेकंद. संपलं. आता पुन्हा तासाभराने. डुकरिणीचं दूध गाईसारखं कासेत साठून राहत नाही. त्या वीस सेकंदांत जो सडाला नाही तो त्या तासाला उपाशी. आणि "आता येतंय" हे ती घुरघुरीतूनच सांगते. पंख्याच्या आवाजात ते पिल्लांना ऐकूच जात नव्हतं. मी वर्षभर त्यांच्या आईचा आवाज बंद केला होता.

पंखा खोलीबाहेर गेला. त्याऐवजी नळीला बारीक भोक पाडून मानेवर थेंब थेंब पाणी पडेल असं केलं, उन्हाळ्यात तेवढं पुरतं. फक्त पाणी पिल्लांच्या कोपऱ्याकडे वाहता कामा नये, म्हणून उतार उलट्या बाजूला काढला.

गाभण डुकरिणींनाही मी मागच्या अंगणात एकत्र सोडलं. पहिले दोन दिवस त्या भांडल्या, कानांवर ओरखडे आले, काका पुन्हा येऊन बघून गेले. मग कोण मोठी हे ठरलं आणि शांतता झाली. खायच्या वेळेला मात्र थोरली सगळ्यांना हाकलायची, म्हणून गव्हाणीला खांद्यापर्यंत येतील अशा आडव्या फळ्या घातल्या, प्रत्येकीचं तोंड वेगळं. दुबळीला आधी, आत घेऊन. यात रोज माझा अर्धा तास जास्त जातो. पण त्या चालतात, उकरतात, चिखलात लोळतात, आणि शेण नीट पडतं.

७ जानेवारी २०२३. कानीचं तिसरं वेत. त्या आठवड्यात मनोरीला गारठा होता, समुद्राचा वारा रात्री बोचायचा. ५ तारखेला तिला धुऊन खोलीत घेतली. ६ ला दुपारी तीन वाजता तिने पेंढ्याची एक काडी तोंडात धरली, कोपऱ्यापर्यंत गेली, ठेवली, परत आली. मग मूठभर. मग पोतं ओढलं. फेब्रुवारीत ज्या पायाने तिने सिमेंट खरवडलं होतं त्याच पायाने ती पेंढा मागे ओढत होती, नाकाने कडा उचलत होती, मधोमध खोलगट करत होती. रात्री आठला ती त्यात पडली आणि शांत झाली. बाराच्या सुमाराला पहिलं पिल्लू आलं, सव्वातीनला बारावं. मी हात लावला नाही. फक्त दोन मलूल पिल्लं पुसून सडाला लावली, कारण पहिल्या दिवसाचा चीक चुकवून चालत नाही. डुकरिणीच्या पोटात असताना पिल्लाला रोगप्रतिकाराची शक्ती मिळत नाही, सगळी चिकातूनच येते, आणि दिवसभरात आतड्याची ती दारं मिटतात.

पहाटे तिला उठायचं होतं. उठली, पाणी प्यायली, आणि परत बसायच्या आधी तिने जे केलं ते मी मोबाइलवर घेतलंय. तिने सगळ्या पेंढ्यात नाक फिरवलं. घुरघुर करत, हळूहळू. पिल्लं तिच्या नाकासमोर गोळा होत एका बाजूला गेली. दोन खोक्यात शिरली. मग ती पुढच्या गुडघ्यांवर आली, थांबली, आणि पाइपला पाठ घासत खाली सरकली. एक पिल्लू तरीही मांडीखाली आलं आणि किंचाळलं. ती तत्काळ उठली. पिंजऱ्यात असताना असंच पिल्लू किंचाळलं होतं तेव्हा ती उठायला बघत होती, मी पाहिलं होतं, पण पाय पाइपमध्ये अडकला होता. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, "लक्ष नाही देत."

ते पान मी फाडलं नाही. त्याखाली पप्पांनी पेन्सिलीने लिहिलंय: "१२ पैकी १०."

दोन गेली, एक चेंगरून आणि एक जन्मतःच अशक्त होतं म्हणून. तिचं वय वाढलं, अनुभव आला, त्याचाही यात वाटा असेल, आणि सगळं श्रेय खोलीला देणं बरोबर नाही. पण थोरलीच्या पुढच्या वेतालाही दहा राहिली, आणि तिला नव्याने शिकण्यासारखं काही नव्हतं.

खर्चाचं विचारणारे बरेच असतात. एका खोलीच्या जागेत आता एकच डुकरीण विते, तीन नाहीत. म्हणून मी सहाच्या चार केल्या, दोन विकताना वाईट वाटलं. पेंढा उत्तन आणि वसईहून आणावा लागतो, पावसाळ्याआधीच भरून माळ्यावर ठेवते, दमट झालेला एक भाराही आत जाऊ देत नाही. विण्याच्या तीन रात्री मी वाडीतच झोपते. दूध पाजणाऱ्या डुकरिणीला दिवसाला वीस-तीस लिटर पाणी लागतं आणि आमच्याकडे मे महिन्यात पाण्याचा प्रश्न असतोच, तो अजून सुटलेला नाही. सगळ्यात अवघड वीण मेमधलीच. आता नर दाखवतानाच ११४ दिवस पुढे मोजते आणि ती तारीख एप्रिल-मेमध्ये पडत असेल तर २१ दिवस थांबून पुढचा माज बघते, तरी सगळं हिशेबात बसत नाही.

पहिल्या वेताच्या डुकरिणीसाठी मी अजून एक करते. विण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिला खोलीत आणते, रोज हाताने खायला घालते, पोटाला, सडांना हात लावते, म्हणजे त्या रात्री माझ्या हाताची आणि खोलीची भीती तिला वाटत नाही. सध्या खोलीत कानीची लेक आहे. तिचे ११४ दिवस येत्या गुरुवारी भरतात. काल काका आले होते. दारातूनच बघितलं, आत वाकून पाइप हलवून पाहिला, घट्ट आहे का ते, आणि म्हणाले, "पोती दोनच बांधलीस? चार बांध." मी आणखी दोन धुवायला टाकली आहेत.